व्हरूका म्हणजे कुरूपच का? तळपायावरच्या चामखिळीबद्दल माहिती हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे की त्याच्या पायाला 'व्हरूका' दिसतो आहे, तेव्हा पोहण्याच्या तासाला वॉटरप्रूफ पट्टी लावून किंवा 'व्हरूका सॉक' घालून पाठवा. हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. औषधाच्या दुकानात विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, पायाचा वॉर्ट. आता वॉर्ट म्हणजे चामखीळ एवढं मला ठाऊक आहे, पण चामखीळ म्हटलं की मानेवर किंवा बोटावर वर आलेला मांसाचा कण डोळ्यासमोर येतो. ह्याच्या चवड्याखाली जे आहे ते अगदी सपाट आणि कडक आहे, आणि मधे बारीक काळे ठिपके आहेत.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे कुरूप आहे, आत बी असतं, बिब्बा लाव म्हणजे बीसकट निघून येईल." माझी आई म्हणते भोवरी आहे, ब्लेडने हळूहळू तासायची. दोघीही काळजीपोटीच सांगतात, पण मुलाच्या पायाला ब्लेड लावायला माझा हात धजत नाही.

तर व्हरूका, कुरूप, भोवरी, चामखीळ यातलं नक्की कोण कोणाचं? आणि यावर करायचं काय? जाणकारांनी सांगावं.

थेम्सकाठ

रानजाई, घाबरू नका. या देशात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या निम्म्याअधिक आयांना हा शब्द पाठ असतो. उच्चार व्ह-रू-का, जोर मधल्या 'रू'वर. अनेकवचन बोलताना व्हरूकाज, डॉक्टरी पुस्तकात व्हरूकी.

इथे बोलीभाषेत व्हरूका म्हणजे फक्त तळपायावरचा. तोच प्रकार हाताच्या बोटावर आला तर इंग्रज माणूस त्याला वॉर्ट म्हणेल. रोग एकच, जागेप्रमाणे नाव बदलतं. पोहण्याच्या तलावाशी हा शब्द इतका जोडलेला आहे की पूर्वी व्हरूका असलेल्या मुलांना तलावात उतरूच देत नसत, नाहीतर रबरी मोजा घालावा लागे. आता बहुतेक ठिकाणी पट्टी लावून उतरू देतात. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, सल्लाही तोच आहे: पोहताना पट्टीने झाका, टॉवेल आणि बूटमोजे कोणाशी वाटून घेऊ नका, ओल्या जागी अनवाणी फिरू नका.

जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलात तर बहुधा "आपोआप जाईल, हवं असेल तर फार्मसीतून औषध घ्या" असंच ऐकायला मिळेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते टाळाटाळ करत नसतात.

सिएराकडचा

अमेरिकेत व्हरूका म्हटलंत तर साध्या माणसाला कळणार नाही. इथे 'प्लँटर वॉर्ट' म्हणतात. यात झाडं लावणाऱ्या प्लँटरचा काही संबंध नाही, जरी बरेच अमेरिकन तसं समजून 'प्लँटर्स वॉर्ट' असं लिहितात. लॅटिनमध्ये तळपायाला प्लांटा म्हणतात, त्यावरून. टाचदुखीसाठी डॉक्टर 'प्लँटर फॅशिआयटिस' म्हणतात, त्यातला प्लँटर तोच.

शब्दवेल

धागा आवडला. व्हरूका हा थेट लॅटिन शब्द आहे, अर्थ चामखीळ. रोमन लोकांमध्ये शरीराच्या खुणेवरून टोपणनावं पडत आणि ती पुढे कायमची चिकटत. कार्थेजच्या हॅनिबलला थोपवणारा, समोरासमोर लढाई टाळून त्याला थकवणारा सेनापती क्विंटस फेबियस मॅक्सिमस, त्याचं टोपणनाव होतं व्हेरुकोसस, म्हणजे चामखीळवाला. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याच्या ओठावर चामखीळ होती. रोमन लेखक कॅटोने तर हाच शब्द उंच, खडबडीत टेकाडासाठी वापरला आहे. म्हणजे मूळ कल्पना 'वर आलेला उंचवटा' अशी दिसते. संस्कृतातला वर्ष्मन्, म्हणजे उंची, माथा, हाही याच कुळातला मानला जातो.

आपली चामखीळ संस्कृत 'चर्मकील'वरून आली. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खीळ. तळपायावरच्या चामखिळीला हे नाव तर फारच चपखल बसतं, कारण ती वर यायच्या ऐवजी आत ठोकल्यासारखी बसते.

राहता राहिलं कुरूप. माझ्या समजुतीप्रमाणे कुरूप आणि भोवरी ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, त्याला इंग्रजीत कॉर्न म्हणतात. व्हरूका वेगळा. पण नक्की फरक डॉक्टरमंडळींनी सांगावा.

त्वचाविहार

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पुण्यात काम करते. शब्दवेल यांचं बरोबर आहे. पण हा फरक नुसता नावांचा नाही, उपचार त्यावर ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुरूप किंवा भोवरी ही दाबामुळे आणि घासण्यामुळे झालेली जाड कातडी. चप्पल चावते, हाड खालून टोचतं, चालण्याची ढब बिघडलेली असते, आणि कातडी स्वतःला वाचवण्यासाठी एका बिंदूवर टणक होत जाते. त्या बिंदूचा आतला शेंडा टोचतो, त्यालाच लोक 'बी' म्हणतात. कुरुपात कुठलाही जंतू नसतो. ते कोणाकडून लागत नाही आणि कोणाला देता येत नाही. घट्टा हा त्याचाच पसरट भाऊ, त्याला शेंडा नसतो.

व्हरूका म्हणजे विषाणूचा संसर्ग. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, याचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यातले १, २, ४, २७, ५७ हे प्रकार तळपायावर बहुतेक वेळा सापडतात. ओलसर जमिनीवर कातडी मऊ पडते, तिला बारीक चीर असते, तिथून विषाणू आत शिरतो. दिसायला लागेपर्यंत कित्येक आठवडे, कधीकधी महिने जातात. त्यामुळे "कुठून आणलं" याचा शोध लागत नाही, तो घेतही बसू नये. हातावर चामखीळ बाहेर वाढते, तळपायावर शरीराचं सगळं वजन पडत असल्याने ती आत दाबली जाते, म्हणून सपाट दिसते.

घरी ओळखायचं कसं? तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेघा असतात. कुरुपावरून त्या रेघा सरळ पुढे जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. दुसरं, कुरुपावर सरळ अंगठा दाबला की कळ येते; चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. तिसरं म्हणजे काळे ठिपके. लोक त्यांना मुळं किंवा बिया समजतात. खरं तर चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक वाहिन्या असतात, त्यांत रक्त गोठून ते ठिपके दिसतात. म्हणूनच वरची कातडी खरवडली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात. कुरूप खरवडलं तर आत स्वच्छ, काचेसारखा पिवळट गाभा दिसतो.

रानजाई, तुम्ही केलेलं वर्णन वाचून चामखीळच वाटते. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान करू नये, तरी शाळेचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता जास्त.

आणि एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगते. चामखिळीला मूळ नसतं. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच असते, हाडापर्यंत जात नाही. "मुळासकट उपटायची" म्हणून जे खोल कोरतात, ते निरोगी कातडी फाडतात. तिथे व्रण राहतो आणि तळपायावरचा व्रण प्रत्येक पावलाला दुखू शकतो, मूळ चामखिळीपेक्षा जास्त. शिवाय ब्लेडने विषाणू आजूबाजूला पसरतो. तुमचा हात धजला नाही ते फार चांगलं झालं.

ऊसमळा

डॉक्टर, छान समजावून सांगितलंत. आमच्या भागात (वाळवा तालुका) रानात अनवाणी काम करणाऱ्यांना कुरूप ठरलेलं. बाभळीचा काटा मोडला, टोक आत राहिलं, की त्यावर कातडी जमत जाते. म्हातारी माणसं त्याला बिब्ब्याचा चटका द्यायची. बिब्बा तापवून त्याचं तेल थेंबभर टेकवायचं. माझ्या चुलत्याला त्याने आराम पडलेला मी पाहिलाय. पण आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा अख्खा पाय उतला होता, फोड येऊन पंधरवडाभर चप्पल घालता येत नव्हती. तेव्हा लहान मुलाला नको असं माझंही मत.

चामखिळीला मात्र आमच्याकडे घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. तळपायाला तो कुठे बांधणार?

त्वचाविहार

ऊसमळा, काटा मोडून झालेली गाठ हा तिसराच प्रकार. त्यात काटा काढणं हाच उपचार.

बिब्ब्याच्या तेलात कातडी जाळणारी रसायनं असतात. काही लोकांना त्याची इतकी तीव्र अ‍ॅलर्जी येते की लावलेल्या जागेपासून दूरवरही पुरळ आणि फोड उठतात. कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावणं, रुईचा चीक लावणं हेही त्यातलंच. त्यांनी चामखीळ जळते हे खरं, पण किती खोल जाळायचं हे त्यांना कळत नाही.

केस बांधण्याचा उपाय मानेवरच्या, देठ असलेल्या मांसल कणांवर चालतो असं दिसतं, कारण देठाचा रक्तपुरवठा तुटतो. ते कण बहुतेक वेळा चामखीळ नसतातच, त्यांना स्किन टॅग म्हणतात आणि त्यांचा या विषाणूमुळे होणाऱ्या चामखिळीशी गोंधळ होतो. मराठीत दोन्हींना एकच नाव असल्याने हा घोटाळा कायम होतो.

पारिजात_वैद्य

आयुर्वेदाची बाजू मांडतो. सुश्रुतसंहितेत हे दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत. खडा टोचून किंवा काट्याने जखम होऊन पायाला जी खिळ्यासारखी वर आलेली गाठ होते, ती 'कदर', क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांच्या गटात. म्हणजे आपलं कुरूप. त्याचा उपचार शस्त्राने काढून त्या जागी तापलेल्या तेलाने डागणं. 'चर्मकील' मात्र अर्शाच्या (मूळव्याधीच्या) प्रकरणात येतो, म्हणजे त्वचेवरच्या अंकुरांच्या गटात. दोघांचं घर वेगळं आहे.

अग्निकर्म आजही वैद्य करतात, पण ते शिकलेल्या हाताने, जागा बघून, रोग्याचं बळ बघून. घरी तापलेला बिब्बा टेकवणं म्हणजे अग्निकर्म नव्हे. डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे.

निळासागर

एक भीती विचारते. एचपीव्ही म्हणजे तोच ना, ज्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो? माझ्या मुलीच्या पायाला दोन चामखिळी आहेत. हे वाचून पोटात गोळा आला.

त्वचाविहार

निळासागर, निश्चिंत राहा. कुटुंब एक, पण माणसं वेगळी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार कारणीभूत असतात. पायावरच्या चामखिळीतले प्रकार ते नव्हेत, आणि पायावरून तिकडे जात नाहीत. उलट बाजूनेही हेच लक्षात ठेवा: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. ती मुलीला जरूर द्या, पण पायाची चामखीळ जाईल म्हणून नव्हे.

जलतरणप्रेमी

ठाण्यात मुलांना पोहायला शिकवतो. आमच्या तलावावर पालक खरूज, नायटा विचारतात, तळपायाचं कोणी बघतच नाही. "चप्पल चावली असेल" म्हणून सोडून देतात. तलावापासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंतची ओली फरशी, तिथे सगळी मुलं अनवाणी पळतात. आम्ही आता तेवढ्या पट्ट्यात रबरी चप्पल सक्तीची केली आहे. पावसाळ्यात चिखल्यांचं प्रमाणही त्याने कमी झालेलं जाणवतं, म्हणजे बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून खाज येते ते.

रानजाई, मुलाला पोहणं सोडायला लावू नका. पट्टी लावा आणि जाऊ द्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज भिंग घेऊन पाहिलं. रेघा खरंच वळसा घालून जातात! बाजूंनी दाबल्यावर तो ओरडलाही. सासूबाईंना रेघांची गोष्ट फोनवर दाखवली, त्यांनी स्वतःच्या पायाचं जुनं कुरूप तपासून बघितलं आणि त्यावरून रेघा सरळ गेल्याचं सांगितलं. बिब्बा रद्द झाला.

आता उपचाराचं सांगा. फार्मसीत जेल आहे, गोठवायचा स्प्रे आहे. एका मैत्रिणीने डक्ट टेप, म्हणजे जाड कापडी चिकटपट्टी, चिकटवायला सांगितली आहे. काय खरं?

त्वचाविहार

आधी हे ऐका, की काहीच न करणं हाही मान्य उपचार आहे. मुलांची प्रतिकारशक्ती हा विषाणू ओळखू लागली की चामखीळ आपोआप विरते. दोन वर्षांत साधारण दोनतृतीयांश मुलांची जाते. दुखत नसेल तर नुसतं झाकून वाट बघितली तरी चालतं. मोठ्यांमध्ये ती जास्त रेंगाळते.

करायचंच असेल तर पहिलं औषध सॅलिसिलिक अ‍ॅसिड. रात्री पाय कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवायचा, वरची पांढरी कातडी वज्रीने किंवा नखं घासायच्या कानशीने हलकेच घासायची, भोवतीच्या निरोगी कातडीला व्हॅसलीन लावायचं आणि मग फक्त चामखिळीवर औषध. भारतात सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिड मिळून केलेलं, वाळल्यावर पापुद्रा धरणारं औषध मिळतं, तुमच्याकडेही जेल त्याच जातीचं असेल. हे रोज, न कंटाळता, बारा आठवड्यांपर्यंत. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि औषध लागू पडलं नाही म्हणतात. ती वज्री घरात दुसऱ्या कोणी वापरायची नाही, त्याच मुलाच्या दुसऱ्या पायालाही नाही. आग झाली, लाल झालं तर दोन दिवस थांबायचं. दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्येही ४० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडच असतं, म्हणून ती कुरूप आणि चामखीळ दोन्हींवर थोडीफार चालते, आणि दोन्ही एकच असल्याचा गैरसमज पक्का होतो. लहान मुलाला ती विचारल्याशिवाय लावू नका, ती सरकून चांगली कातडी सोलते.

गोठवणं म्हणजे क्रायोथेरपी. दवाखान्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. दुकानातला स्प्रे तितका थंड नसतो. गोठवणं दुखतं, फोड येतो, दोनतीन आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. आणि त्याने लवकर बरं होतं असंही नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १२ वर्षांवरच्या २४० लोकांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्यांनी ५० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड घरी लावलं, निम्म्यांना दवाखान्यात गोठवलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले १४ टक्केच. हा आकडा बघून निराश होऊ नका. तळपायाची कातडी जाड असते, वेळ लागतोच, एवढंच त्यातून घ्यायचं. नऊ वर्षांच्या मुलाला वेदनेचा उपाय आधी करण्याचं काही कारण नाही हेही त्यातून कळतं.

डक्ट टेपचा २००२ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, त्यात टेप गोठवण्यापेक्षा सरस ठरली आणि ती जगभर गाजली. पुढे २००६ आणि २००७ मध्ये जे अभ्यास झाले त्यांत टेपचा विशेष फायदा दिसला नाही. चिकटवलीत तर नुकसान नाही, भरवसा ठेवू नका.

बऱ्याच चामखिळी असतील आणि हटत नसतील तर आमच्याकडे आणखी एक मार्ग आहे. एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस, एका मोठ्या चामखिळीत टोचतात. त्या जागी प्रतिकारशक्ती जागी होते आणि तिथला विषाणूही तिच्या नजरेत येतो. कधीकधी एकीत टोचल्यावर दुसऱ्या पायावरच्याही विरतात. हे बघताना इतक्या वर्षांनंतरही मला आनंद होतो. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रोगी असेल तर ही लस देत नाहीत.

शब्दवेल

शाळेला उत्तर लिहाल तेव्हा 'कॉर्न' लिहू नका एवढं बघा. त्यांना वाटेल संसर्गाचा प्रश्न नाही, आणि पट्टी न लावता पाठवलं तर विनाकारण गैरसमज होईल. तिकडे व्हरूका हाच शब्द ठेवा, घरी 'पायाची चामखीळ' म्हणा.

थेम्सकाठ

+१. आणि मुलाला वर्गात कोणी चिडवत असेल तर शिक्षिकेशी बोला. माझ्या मुलीला "तुला हात लावणार नाही" असं ऐकावं लागलं होतं. शिक्षिकेने वर्गात सांगितलं की निम्म्या वर्गाला हा कधी ना कधी होतोच. त्यानंतर चिडवणं बंद झालं.

मोगरा७२

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझे वडील ६८ वर्षांचे, मधुमेह बरीच वर्षं. टाचेवर एक काळपट, कडक जागा आहे, दुखत नाही म्हणतात. ते स्वतःच कॉर्न कॅप लावतात. लावू द्यावी का?

त्वचाविहार

मोगरा७२, कॅप आजच काढायला सांगा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. "दुखत नाही" हीच तिथे काळजीची गोष्ट आहे. अ‍ॅसिडने जखम झाली तरी त्यांना कळणार नाही, आणि ती जखम चिघळली तर पायावर बेतू शकतं. मधुमेह, पायाचा रक्तपुरवठा कमी असणं, पाय बधिर असणं, यांपैकी काहीही असेल तर घरी कुठलाच उपाय करायचा नाही. कॅप नाही, ब्लेड नाही, गरम पाण्याचा शेकही नाही.

काळपट म्हणालात म्हणून आणखी एक. या वयात तळपायावर नव्याने आलेला, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. मेलानोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर सावळ्या माणसांत तळपायावर आणि नखाखाली येऊ शकतो, आणि चामखीळ किंवा जुना मुका मार समजून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या वडिलांना तसं असेलच असं मुळीच नाही, बहुधा घट्ट्याखाली साकळलेलं रक्त निघेल. पण ते बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

याच आठवड्यात न्या. दोन्ही पायांचे तळवे, बोटांच्या बेचक्या आणि रोजची चप्पल, तिन्ही दाखवा. आधीचे साखरेचे रिपोर्ट बरोबर ठेवा.

मोगरा७२

कॅप काढली. परवाची वेळ मिळाली आहे, चप्पलही घेऊन जाते. खूप आभार, डॉक्टर.